किराणाच्या यादीतला इतिहास

मुलांनो, इतिहास फक्त किल्ल्यांत आणि ताम्रपटांत असतो असं थोडंच आहे? तो घरच्या किराणाच्या यादीतही असतो, बरं का! आज आजीला विचारा, "आजी, तुझ्या लहानपणी दुकानातून काय काय आणायचे गं?" आपल्या जालना जिल्ह्यातल्या खेड्यातली आजी बहुधा सांगेल : मीठ, गूळ, चहापत्ती, काडेपेटी अन् रॉकेल. ज्वारी, बाजरी, तूर, जवस, कारळ हे सगळं शेतातलं, नाहीतर मजुरीत मिळालेलं.

म्हणजे तेव्हा सारं छानच होतं, असं मात्र समजू नका. १९७२ च्या दुष्काळात लोक कामावर खडी फोडत आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत. पोट भरणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

पुढे शेत बदललं. ज्वारीच्या रानात कापूस, सोयाबीन आलं. त्याचा पैसा येतो, पण भाकरी होत नाही! धान्य विकत घ्यावं लागलं. रेशनवर मिळाले गहू-तांदूळ. ताटातली भाकरी कमी झाली.

केंद्र सरकार घरखर्चाची पाहणी करतं. १९९९-२००० साली देशातल्या खेड्यांत घरखर्चाच्या दर १०० रुपयांतले सुमारे २२ रुपये धान्यावर जात. २०२२-२३ मध्ये उरले जेमतेम ५. रेशनचं धान्य स्वस्त, पुढे फुकट झालं, हेही त्याचं एक कारण. पण पेयं, फरसाण, बिस्किटं अशा तयार पदार्थांवर ९ रुपयांहून जास्त गेले. म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट! फळं, अंडी, मांस-मासे यांचा वाटाही वाढला, ही मात्र चांगली बाब.

आता जरा पोषण पाहू. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिश केलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. ज्वारीत तंतू १० ग्रॅम, मैद्यात ३ सुद्धा नाहीत; कारण कोंडा काढून टाकलेला असतो. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची चपाती मात्र चांगलीच.

लोह कमी पडलं की रक्त कमी होतं. मग धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांपैकी जवळजवळ ६९ जणांना रक्तक्षय आढळला. पोटातले जंत, आजारपण हीही कारणं असतात. पण ताटाचा वाटा मोठा.

पालकांनो, लाडाने दिलेली पाच रुपयांची पुडी भूक मारते, अंग भरत नाही. त्याऐवजी मूठभर शेंगदाणे अन् गुळाचा खडा द्या. शेंगदाण्यात जवळपास चौथा हिस्सा प्रथिनं असतात.

आणि मुलांनो, एक काम करा. पुडीच्या मागचे घटक वाचा. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी छापलेलं असतं. मग वहीत दोन रकाने आखा : आजीची यादी आणि आपली यादी. दोन्हींतलं चांगलं तेवढं निवडून पुढच्या बाजाराची यादी तुम्हीच करा!