ब्रेक नवे, मग कर्कश आवाज कशाचा?

चाळीसगाव - ट्रकचे ब्रेक 'अपग्रेड' केले, मोठा खर्च झाला आणि गॅरेजमधून बाहेर पडताच चाकांतून कर्कश किंकाळी ऐकू येऊ लागली, हा अनुभव मालवाहतूकदारांना नवा नाही. अशा वेळी नवे सुटे भाग निकृष्ट असल्याचा निष्कर्ष काढला जातो किंवा कसेही करून आवाज बंद करण्याची घाई होते. प्रत्यक्षात नवे भाग आणि तसेच ठेवलेले जुने भाग यांचे न जुळणे, हे अनेकदा या आवाजाचे मूळ असते. त्याचे निदान न करता आवाज दडपला, तर ट्रक शांतपणे धावेल. पण वेळेवर थांबेलच असे नाही.

घाटातील कसोटी

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक २११, आता ५२) चाळीसगावहून कन्नडकडे जाताना डोंगररांग ओलांडतो. हाच कन्नडचा घाट किंवा औट्रम घाट. मराठवाड्याच्या पठारावरून येणारे वाहन येथून खानदेशात उतरते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे या घाटात दरडी कोसळल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार ऑगस्ट २०२३ मध्ये घाटातून अवजड वाहनांना बंदी करण्यात आली आणि ही वाहतूक अन्य मार्गांनी वळविण्यात आली. तथापि, मार्ग बदलला तरी पठारावरून खाली उतरणे टळत नाही आणि ब्रेकची कसोटीही टळत नाही.

या कसोटीचे स्वरूप साध्या गणिताने समजते. २५ टन वजनाचे वाहन १०० मीटर उंचीवरून खाली आले, की सुमारे ८० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. तिचा काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध घेतो. उरलेली सर्व उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते. ४१० मिलिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून अधिक वाढतो. ड्रम लायनरपासून दूर सरकतो आणि तेवढाच ब्रेक लावण्यासाठी अधिक अंतर ढकलावे लागते.

आवाज निर्माण कसा होतो?

आपल्याकडील बहुतांश अवजड ट्रकना हवेच्या दाबावर चालणारे ड्रम ब्रेक असतात. चालकाने पेडल दाबले, की हवा ब्रेक चेंबरमध्ये जाते. चेंबरचा दांडा 'स्लॅक ॲडजस्टर' नावाचा हात ढकलतो, त्याला जोडलेला 'एस' आकाराचा कॅम फिरतो आणि दोन ब्रेक शू फाकून त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमवर दाबले जातात.

सारंगीच्या तारेवर गज फिरताना तार क्षणभर धरली जाते, सुटते, पुन्हा धरली जाते. लायनर आणि ड्रम यांच्यातही तेच घडते. ही कंपने ड्रमच्या स्वतःच्या कंपनसंख्येशी जुळली, की ड्रम घंटेसारखा वाजू लागतो. जुन्या व्यवस्थेत सर्व भाग एकमेकांशी घासून बसलेले असतात. नव्या, जाड लायनरमुळे किंवा मोठ्या चेंबरमुळे ही बैठक मोडते. झिजलेला कॅमचा बुश, सैल झालेली रिटर्न स्प्रिंग किंवा लेथवर नीट न कापलेला ड्रम यांतील दोष तोपर्यंत झाकलेला असतो. तो आता आवाजाच्या रूपाने बाहेर येतो.

ॲस्बेस्टॉसचे तंतू कर्करोगास कारणीभूत ठरत असल्याने ॲस्बेस्टॉसविरहित लायनरचा वापर वाढला. त्यांतील काही मिश्रणे अधिक कठीण असतात व थोडा अधिक आवाज करतात. त्यामुळे लायनरची निवड केवळ किमतीवर न करता त्या वाहनासाठी उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारानुसार करणे आवश्यक असते.

आवाज तसा दोष

निदानासाठी 'आवाज येतो' एवढे सांगून भागत नाही. तो केव्हा येतो, हे महत्त्वाचे. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर होऊन ती थांबत असेल, तर रात्रीच्या दमटपणाने ड्रमवर चढलेला पातळ गंज हे कारण असू शकते. त्यात चिंतेचे काही नाही. हलका ब्रेक दाबल्यावर येणारी बारीक किंकाळी बहुधा लायनर अद्याप पूर्ण न टेकल्याची किंवा उष्णतेने काचेसारखा गुळगुळीत झाल्याची खूण असते. वेग अगदी कमी होताना येणारी घरघर सैल बुश व अँकर पिनकडे बोट दाखवते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर कमी-जास्त होणारा आवाज ड्रम लंबगोल झाल्याचा संशय निर्माण करतो.

ब्रेक सोडल्यावरही घासण्याचा आवाज राहिला, तर शू मागे येत नाही असे समजावे. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज सर्वांत गंभीर. लायनर संपून किंवा तुटून रिव्हेट ड्रमला लागत असल्याची ती सूचना असते. असा ट्रक पुढे नेऊ नये. एबीएस असलेल्या ट्रकमध्ये दुरुस्तीच्या वेळी हब काढला असेल, तर चाकाचा सेन्सर मागे सरकलेला असू शकतो. मग ट्रक थांबता थांबता कारण नसताना हवा फस्-फस् सुटू लागते. येथे लायनर कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.

तपासणीचा क्रम

पहिले काम म्हणजे आवाजाचे चाक शोधणे. मोकळ्या जागेत कमी वेगाने ट्रक चालवून बाजूला सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या व्यक्तीने ऐकावे. काही वेळ चालविल्यानंतर प्रत्येक ड्रमचे तापमान दुरून मोजणाऱ्या यंत्राने घ्यावे. हात लावून पाहू नये. एकाच ॲक्सलवरील एक ड्रम फार गरम असेल, तर तेथे ब्रेक धरून राहतो आहे. एक फार थंड असेल, तर ते चाक कामच करीत नाही.

त्यानंतर चाकांना ओट लावून दोन्ही बाजूंच्या चेंबरच्या दांड्याची हालचाल मोजावी. दोन्हींत फरक असल्यास स्लॅक ॲडजस्टरची लांबी, चेंबरचा आकार आणि बसविण्याचा कोन तपासावा. पूर्ण ब्रेक लागलेला असताना दांडा आणि ॲडजस्टरचा हात यांत जवळपास काटकोन हवा. ड्रम काढल्यावर भेगा, निळसर जळके डाग आणि व्यासाची कमाल मर्यादा पाहावी. एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच प्रकारचे लायनर आहेत का, रिव्हेट सैल आहेत का, हबच्या सीलमधून ग्रीस झिरपते का, हेही पाहणे गरजेचे. पार्किंग ब्रेकच्या चेंबरमध्ये अत्यंत ताकदवान स्प्रिंग दाबलेली असते. तो चेंबर रस्त्यावर उघडणे जिवावर बेतू शकते.

सर्व काही ठीक असेल, तर नव्या लायनरला बसण्यास वेळ द्यावा. रिकाम्या किंवा कमी भरलेल्या ट्रकने सपाट रस्त्यावर मध्यम दाबाचे, मध्ये थंड होण्यास अवधी देणारे अनेक ब्रेक मारावेत. नवे लायनर घालून त्याच दिवशी पूर्ण भाराने घाट उतरविल्यास त्यांचा पृष्ठभाग जळतो आणि आवाज कायमचा चिकटतो.

शांततेचा धोका

आवाज बंद करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या चाकाचा ॲडजस्टर सैल करणे. लायनर ड्रमला जेमतेम टेकतो, आवाज थांबतो आणि चालकाचे समाधान होते. मात्र त्या चाकाचे काम उरलेल्या चाकांवर पडते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. घाटात उरलेले ड्रम अधिक तापतात, फुगतात आणि एकामागून एक निकामी होत जातात.

आपोआप जुळणाऱ्या ॲडजस्टरबाबतही हीच चूक होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ग्लेन रॉक येथे एप्रिल २००३ मध्ये एका ट्रकचे ब्रेक न लागल्याने भीषण अपघात झाला होता. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००६ च्या अहवालात असे स्वयंचलित ॲडजस्टर वारंवार हाताने आवळणे धोक्याचे असल्याचे बजावले. आवळल्याने ब्रेक तात्पुरता लागतो, मूळ बिघाड मात्र तसाच राहतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे कोणतीही मोठी सुधारणा उत्पादकाने मान्य केलेल्या भागांनीच करणे हिताचे. ब्रेक कितीही चांगले असले तरी घाट उतरताना खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक यांना पर्याय नाही. आणि दुरुस्तीनंतर ट्रक ताब्यात घेताना 'आवाज गेला का' या प्रश्नाबरोबरच 'तो कशाने गेला' हे मेकॅनिकला विचारावे. उत्तरात बदललेला किंवा दुरुस्त केलेला भाग दाखविता येत नसेल, तर ट्रक घाटाकडे नेण्यापूर्वी पुन्हा तपासून घ्यावा.