मजल्यांचा केक आणि त्याचा तोल



ज्या व्यासपीठावर वेदान्तावर, अर्थकारणावर आणि ज्ञानेश्वरांवर व्याख्याने होतात, तेथे केकवर बोलायला उभा राहिलेला हा गृहस्थ कोण, असे काही मंडळींच्या मनात आले असेल. खुलासा आधीच करतो. मी बेकरीवाला नव्हे. माझे आयुष्य इमारतींचे भार मोजण्यात आणि ते विद्यार्थ्यांना शिकवण्यात गेले. केकशी माझा संबंध खाण्यापुरताच होता. तो वाढला माझ्या भाचीमुळे, आणि तोही एका अपघातानंतर.

ही मुलगी मुलुंडला राहते आणि घरच्या घरी केक करून विकते. हात चांगला, हिशेब चोख. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात अंधेरीच्या एका लग्नाचा तीन मजली केक तिने घेतला. स्वागतसमारंभ हिरवळीवर होता. केक वेळेवर पोहोचला, टेबलावर बसला, फोटोही निघाले. पाऊण तासाने मधला मजला एका बाजूला खचला आणि वरचा हळूहळू घसरत जाऊन टेबलक्लॉथवर आला. नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. भाचीने पैसे परत केले, घरी आली आणि ओव्हनचा प्लग काढून ठेवला. मला म्हणाली, "मामा, चव बिघडली असती तर मी समजले असते. पण हा पडलाच कसा, ते सांग ना." त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्हां दोघांना जे कळले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

थर आणि मजला

प्रथम दोन शब्द वेगळे करू. थर म्हणजे एकाच केकमधले पापुद्रे आणि मधले क्रीम. मजला म्हणजे एका केकवर ठेवलेला दुसरा, स्वतंत्र केक. गोव्याच्या बेबिंक्याला थर असतात, बहुधा सात. एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा आणि वरून आच देऊन तो भाजायचा, असे करीत तो वाढवतात. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण बेबिंका पडल्याचे कोणी ऐकले नाही, कारण त्याचे थर एकजीव असतात आणि तो बुटका असतो. पडतो तो मजल्यांचा केक.

ही चाल आली विलायतेहून. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर सेंट ब्राइड्स नावाचे चर्च आहे. क्रिस्टोफर रेनने रचलेला त्याचा मनोरा १७०३ मध्ये पुरा झाला. वर वर निमुळत्या होत गेलेल्या त्याच्या मजल्यांवरून एका हलवायाला लग्नाच्या केकची कल्पना सुचली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाचा १९४७ सालचा केक चार मजल्यांचा, नऊ फूट उंच आणि सुमारे पाचशे पौंड वजनाचा होता.

आपल्या उपनगरांत लग्नाचा केक रुजवला तो ख्रिस्ती समाजाने. मरोळ, आंबोली, गोराई येथील ईस्ट इंडियन मंडळी मूळची इथलीच, घरात मराठी बोलणारी. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या १८८७ साली त्यांनी हे नाव धारण केले. त्यांच्या लग्नात केक कापणे हा एक विधीच. आता तो विधी सर्वांच्या घरी आला आहे. मुलाचा पहिला वाढदिवस, आजोबांची पंचाहत्तरी, लग्नाचा रौप्यमहोत्सव, कुठेही मजल्यांचा केक दिसतो. घाटकोपर-बोरिवलीच्या किती तरी गृहिणींचा संसाराला हातभार त्यावर लागतो. म्हणून त्याचा तोल हा चेष्टेचा विषय नाही.

केक उलटत नाही, खचतो

कोणालाही वाटते की उंच वस्तू पडते ती उलटून. जरा हिशेब करून पाहू. खालचा मजला ३० सेंटिमीटर व्यासाचा, मधला २२, वरचा १५, आणि प्रत्येकाची उंची १२ सेंटिमीटर धरा. एकूण उंची ३६ सेंटिमीटर. पण बहुतेक वजन खालीच असल्यामुळे सगळ्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अवघ्या १३ सेंटिमीटरांवर येतो. असा केक एकसंध लाकडाचा असता, तर सुमारे ४९ अंश कलंडेपर्यंत उलटला नसता. इतका कलंडलेला केक कोणी टेबलावर ठेवील काय?

म्हणजे केक उलटत नाही. तो आतून हरतो. लिटरमागे ६५० ग्रॅम वजन धरले, तर वरचे दोन मजले मिळून सव्वाचार किलोंहून अधिक होतात. हे ओझे कशावर ठेवले आहे? हवेचे बुडबुडे भरलेल्या स्पंजावर आणि लोण्यासारख्या क्रीमवर! स्पंज लगेच बसत नाही. तो तासाभरात मुंगीच्या पावलाने दबत जातो, आणि जिथे क्रीम जास्त तिथे अधिक दबतो. एक बाजू दबली की वरचा मजला तिरपा होतो, आणि तिरपा झाला की घसरू लागतो.

त्यात आपली हवा. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि मुंबईत मे महिन्याची दुपार नेमकी तेवढीच तापते. वितळण्याच्या कितीतरी आधी ते मऊ पडते. सकाळी स्वयंपाकघरात ताठ असलेले बटरक्रीम संध्याकाळी हिरवळीवर वंगणाचे काम करू लागते.

हाडे हवीत

मग उपाय काय? तो आपल्या आज्यांना ठाऊक होता. पूर्वी घराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. वरच्या मडक्याचे ओझे खालच्या मडक्यातल्या धान्यावर पडत नसे. ते काठावर पडे आणि काठावरून मडक्याच्या भिंतीत उतरे. धान्य निवांत असे. दहीहंडीचे गोविंदाही हेच करतात. वरचा गोविंदा खालच्याच्या खांद्यावर पाय ठेवतो, पोटावर नाही, कारण ओझे हाडांतून जमिनीपर्यंत गेले पाहिजे. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावले ते याच न्यायाने.

केकलाही हाडे द्यावी लागतात. प्रत्येक मजला आपल्या मापाच्या जाड पुठ्ठ्यावर बसवायचा. खालच्या मजल्यात उभ्या काड्या खोचायच्या, म्हणजे वरचा पुठ्ठा त्या काड्यांवर टेकतो आणि ओझे काड्यांतून थेट तळाच्या फळीवर जाते. या काड्यांना धंद्यातली मंडळी डॉवेल म्हणतात. त्या बांबूच्या किंवा खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. अशी व्यवस्था झाली की खालचा केक वरच्याला उचलीत नाही. तो फक्त काड्यांना उभे धरतो.

२२ सेंटिमीटरच्या मजल्याखाली आम्ही सहा काड्या घालतो. खालच्या केकवर वरच्या पुठ्ठ्याच्या मापाचे वर्तुळ हलकेच कोरायचे आणि त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर आत, सारख्या अंतरावर काड्या खोचायच्या. काडी पुठ्ठ्याच्या बाहेर राहिली तर ती केवळ शोभेची. आणि सगळ्या मध्यावर गर्दी करून बसल्या तर पुठ्ठ्याच्या कडा लोंबू लागतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी माझ्या भाचीकडून चुकली होती. तिने प्रत्येक काडी खोचून, केकच्या पृष्ठभागाशी जुळवून कापली होती. हे बरोबरच वाटते. पण पृष्ठभाग एका बाजूला चार मिलिमीटर उतरता असेल, तर काड्याही त्याच उताराने कापल्या जातात, आणि वरचा मजला जन्मतःच तिरपा बसतो. तेव्हा पद्धत अशी. केक जिथे सर्वांत उंच आहे तिथे एक काडी तळापर्यंत घालायची, खूण करून बाहेर काढायची आणि तिच्या मापाने बाकीच्या सर्व काड्या कापायच्या. मग पृष्ठभाग कसाही असो, वरचा पुठ्ठा तळाच्या फळीला समांतरच राहतो. मध्ये फट दिसली तर ती क्रीमने भरता येते.

उभ्या काड्या ओझे पेलतात, पण आडवा धक्का अडवीत नाहीत. त्यासाठी तळाच्या फळीत एक दांडा पक्का बसवतात आणि पुठ्ठ्यांना मधोमध भोके पाडून सगळे मजले त्यात ओवतात. काड्या घसरण थांबवू शकत नाहीत आणि एकटा दांडा ओझे पेलू शकत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत, म्हणून दोन्ही हवीत.

पाणसळ स्वयंपाकघरात

गवंड्याच्या थैलीतली पाणसळ मी भाचीला भेट दिली. तिला आधी हसू आले. आज ती धुऊनपुसून, स्वच्छ कागदात गुंडाळून ती प्रत्येक मजल्यावर ठेवते. भाजताना केकला मध्यावर फुगवटा येतो. केक पुरता थंड झाल्यावर तो दातेरी सुरीने कापून सपाट करायचा. कोमट केक कापला तर त्याचा चुरा होतो. मजले एकमेकांवर चढवण्याआधी सर्व केक काही तास फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करायचे. उन्हाळ्यात बटरक्रीमऐवजी गनाश बरे. त्यात काळे चॉकलेट मलईच्या दुप्पट आणि पांढरे असेल तर तिप्पट घ्यावे, म्हणजे ते आपल्या उकाड्यात तग धरते.

एक सावधगिरी मात्र हवी. थंड केक आपल्या दमट हवेत उघडा केला की त्यावर दव धरते आणि साखरेचे फॉन्डंट चिकट होते. म्हणून तो खोक्यातच थोडा वेळ राहू द्यावा. दव खोक्यावर धरेल, केकवर नाही.

रस्ता आणि टेबल

मुलुंडहून अंधेरीला जायचे म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी चार सेकंदांत थांबली, तर तेवढ्या वेळात केकची अवस्था सुमारे १६ अंश कलंडलेल्या पाटावर ठेवल्यासारखी होते. वळणावरही तेच. चालकाला एवढे समजावले की तो आपणहून सांभाळून हाकतो. केक सीटवर ठेवू नये, कारण सीट पाठीकडे उतरती असते. गाडीच्या सपाट तळावर, खाली न घसरणारी रबरी चटई घालून ठेवावा. दोनांहून अधिक मजले असतील तर ते सुटे न्यावेत आणि जागेवर रचावेत. अर्धा तास जातो, पण झोप लागते.

शेवटची परीक्षा टेबलाची. गच्चीला आणि हिरवळीला पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. एका अंशाचा उतार असला तरी ३६ सेंटिमीटर उंचीवर केकचा माथा सहा मिलिमीटर सरकतो, आणि फोटोत तेवढेही डोळ्याला टोचते. म्हणून आधी टेबलावर पाणसळ ठेवावी, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारावी, आणि मगच केक ठेवावा. मंडपात सावलीची जागा मागून घ्यायलाही संकोच करू नये.

त्या मे महिन्यातल्या केकचे काय झाले, हे आता आपणच सांगाल. तिरप्या कापलेल्या काड्या, दांडा नाही, बटरक्रीमचा लेप, उन्हात ठेवलेले टेबल आणि हिरवळीचा उतार. यांपैकी एकाने केक पडला नसता. पाचही एकत्र आले. इमारतीही बहुधा अशाच पडतात. भाचीने हे ऐकले, तेव्हा ती पहिल्यांदा नीट हसली. आपल्या हाताला गुण नाही, असे तिने मनाशी धरले होते. दोष हाताचा नव्हता, रचनेचा होता, आणि रचना शिकता येते. पुढच्या आठवड्यात ओव्हनचा प्लग पुन्हा बसला.

जाता जाता एक विनंती. केक कापण्याआधी दांडा काढून वरचा मजला उतरवावा, मग मधला, आणि प्रत्येक मजल्यातल्या काड्या बाहेर काढाव्यात. किती घातल्या होत्या तो आकडा खोक्यावर लिहून ठेवावा आणि तितक्याच बाहेर आल्या की नाही हे मोजावे. एखादी काडी राहून ती लहान मुलाच्या घासात जाता कामा नये. माझी भाची आता प्रत्येक खोक्यावर तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिते. आपल्या घरी असा केक आला तर तो आकडा आधी वाचावा, आणि मगच सुरी हातात घ्यावी.