बजावणी

सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं गेट. पहिली पाळी सुटायला दहा मिनिटं आहेत. संरक्षण अधिकारी मॅडमच्या पिशवीत इथे काम करणाऱ्या एका नवऱ्याच्या नावची न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाची नोटीस आहे आणि सोबत अंतरिम आदेशाची प्रत. त्याच्या घरी त्या दोनदा जाऊन आल्या. त्याच्या आईचं उत्तर एकच, “तो गावाला गेलाय.” कारखान्याच्या हजेरीपटावर मात्र त्याची रोज नोंद होती. नोटीस राहत्या घरी किंवा कामाच्या जागी देता येते, म्हणून आज इथे.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. कोर्टात सगळे त्याला ‘डीव्ही’ म्हणतात. बाईचा अर्ज आला की साधारण 3 दिवसांत पहिली तारीख, 2 दिवसांत नोटीस बजावणी, पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत निकाल, अशी कायद्याची अपेक्षा. धोका प्रथमदर्शनी दिसला तर कलम 23 खाली एकतर्फी आदेशही निघतो. आजचा आदेश तसाच आहे: मारहाण नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही, फोन नाही, माहेरच्यांना त्रास नाही, स्त्रीधन विकायचं नाही.

भोंगा होतो. तो डबा हातात घेऊन बाहेर येतो. कागद पाहून म्हणतो, “मी सही करणार नाही. आधी वकिलाला विचारतो.”

“विचारा की दादा,” मॅडम शांतपणे म्हणतात. “सही म्हणजे कबुली नाही. कागद मिळाला, एवढंच. पण वाचून घ्या. आदेश मोडलात तर 1 वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे.”

तो बराच वेळ वाचतो. मग सही करतो. मॅडम घड्याळ पाहून अहवालात तारखेपुढे वेळ लिहितात: 3.40. कोर्टाचा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचल्याचा हा पुरावा. ‘मला माहीतच नव्हतं’ असं त्याला यापुढे म्हणता येणार नाही. न्यायाधीशांची सही जितकी मोलाची, तितकीच मला ही नोंद मोलाची वाटते.

रिक्षात बसताच त्या पंचवटीत अर्जदार बाईला फोन लावतात. “ताई, बजावणी झाली.”

“आता तो दारात आला तर?”

“लगेच पोलिसांना फोन करा. पोलिस ठाण्यातही प्रत दिली आहे.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाई म्हणते, “मॅडम, वेळ परत सांगा. लिहून ठेवते.”