बारा व्होल्ट, वीस अँपिअर आणि चुकीचा प्लग

'बाराच व्होल्ट आहेत, काय होतंय!' फील्डवर्कला निघालेल्या नव्या मुलांकडून हे हमखास ऐकू येतं. शॉक बसत नाही हे खरं, पण तार किती तापणार हे करंटवर ठरतं.

समजा, केंदूरला शेताच्या बांधावर 100 वॉटचा हॅम ट्रान्सिव्हर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायचाय (परवाना आहे असं धरून). बोलताना असा सेट साधारण 20 अँपिअर ओढतो. बॅटरी 5 मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर तार झाली. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीला सुमारे 0.08 ओहम, म्हणजे वाटेतच 1.6 व्होल्ट गेले. बॅटरीला 12.4 होते, सेटपाशी उरले 10.8. बरेच सेट 13.8 व्होल्टच्या 15 टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे 11.7 च्या खाली नाही. मग ऐकताना सगळं ठीक आणि माइक दाबला की सेट बंद! बिचाऱ्या अँटेनावर संशय घेत दुपार जाते. 6 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट 0.66 व्होल्टवर येते, पण तीही काठावरच. त्यापेक्षा बॅटरीच जवळ आणा.

फ्यूज कुठे? बॅटरीच्या पॉझिटिव्हला, जमेल तितका जवळ. सेटमध्ये फ्यूज आहे म्हणून हा टाळू नका. हा तारेसाठी आहे. मधेच तार चिरडून शॉर्ट झाली तर ट्रॅक्टरची बॅटरी शेकडो अँपिअर देते, आणि सेटमधला फ्यूज त्या वाटेवर नसतोच. शेजारी कडबा रचलेला असेल तर पुढचं सांगायला नको.

आता कनेक्टर. आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय म्हणजे बॅटरीच्या तारेला घरातला टू-पिन किंवा थ्री-पिन प्लग लावणं. तो कुठल्याही दुकानात मिळतो, म्हणून लावतात. पण कुणीतरी चांगल्या मनाने तो भिंतीतल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला, तर सेट जातो आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. शिवाय टू-पिन उलटाही बसतो. माझ्या मते यावर चर्चाच नको: डीसीला मेन्सचा प्लग लावायचा नाही. हॅम मंडळी बहुधा अँडरसन पॉवरपोल वापरतात. त्यात नर-मादी भेद नाही, लाल-काळे खोके एकमेकांत सरकवून जोडता येतात. मात्र लाल डावीकडे की उजवीकडे हे अख्ख्या गटाने एकच ठरवायला हवं, नाहीतर दोन टीमच्या वायरी जुळणार नाहीत. गाडीतलं लायटर सॉकेट 20 अँपिअरसाठी नसतं. हँडसेट चार्ज करायला ठीक.

सैल सांधा मात्र डोळ्यांना दिसत नाही. 0.05 ओहमचा सांधा, 20 अँपिअर: करंटचा वर्ग गुणिले रोध, 20 वॉट. लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते! म्हणून पक्कडीने दाबू नका, योग्य क्रिम्पिंग टूल घ्या आणि प्रत्येक तार ओढून बघा. सैल सांध्यात ठिणगी पडली तर रेडिओवर खरखरही येते. इथून उत्तरेला खोडदच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणीला विजेच्या लाइनीवरच्या ठिणग्या याच कारणाने नकोशा असतात.

सगळं जोडल्यावर मल्टिमीटर बॅटरीला लावू नका, सेटच्या टोकाला लावा आणि माइक दाबलेला असतानाच आकडा वाचा. मग दहा मिनिटांनी प्रत्येक सांध्याला उलटा हात लावून बघा.