फाउंटनपेनाची झळाळी

जुन्या फाउंटनपेनांची नळी व टोपण पुष्कळदा एबोनाइटाचे असे. रबरात भरपूर गंधक मिसळून ते मिश्रण बराच वेळ तापविले, म्हणजे हा कठीण पदार्थ तयार होतो. एबनी, म्हणजे आबनूस, या काळ्याभोर लाकडासारखा तो दिसतो. म्हणून त्याला हे नाव मिळाले. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे अशी पेने आजही हाताने घडविली जातात.

वर्षे लोटली, की हा काळा रंग विटून तपकिरी होतो. याला मळ कारण नव्हे. प्रकाश व ओलावा यांमुळे पृष्ठभागावरील गंधकाचा प्राणवायूशी संयोग होतो आणि तेथे आम्ल तयार होते. म्हणून असे पेन गरम पाण्याने कधीही धुऊ नये. त्याने ते अधिकच विटते.

विटलेला थर पातळ असतो. तो काढण्यासाठी अत्यंत बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा व शेवटी मऊ कापडावर पॉलिश घेऊन घासावे. मात्र त्याबरोबर मूळ पदार्थही झिजतो. नळीवर उमटविलेले कारखान्याचे नाव आणि नक्षी एकदा पुसली गेली, की ती परत येत नाहीत. तेव्हा अक्षरांची जागा वगळावी आणि थोडा तपकिरी रंग राहिला, तरी वेळीच थांबावे.

वापरानंतर पेन कोरड्या कापडाने पुसून उन्हापासून दूर ठेवावे. एवढी काळजी घेतली, तर घासण्याची वेळ सहसा येत नाही.