चक्कर येते, म्हणजे नेमकं काय होतं?

'डॉक्टर, चक्कर येते.' दादर-परळच्या कुठल्याही दवाखान्यात बसलात तर हे वाक्य हमखास कानावर पडेल. पण एकाच शब्दाआडून माणसं निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. कुणाच्या डोळ्यांपुढे उठताना अंधारी येते, कुणाला खोली गरगर फिरताना दिसते, कुणाचा चालताना झोक जातो. मी कवितेचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण शब्द नेमका हवा, हा आग्रह इथे थेट प्रकृतीशी येऊन भिडतो. युनानी वैद्यकातही दोन वेगळे शब्द आहेत: डोळ्यांपुढे अंधारी येणं म्हणजे 'सदर' आणि सगळं फिरतंय असं वाटणं म्हणजे 'दुवार'.

आपला तोल तीन साक्षीदारांवर चालतो: डोळे, पाय आणि आतला कान. दादर स्थानकात आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर आपणच निघालो असं वाटतं. तिथे डोळे फसतात. फुगडीत मात्र कान फसतो. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मंगळागौरीला गिरगावात फुगडी रंगते आणि थांबते, पण नलिकांमधला द्रव लगेच थांबत नाही. त्यामुळे तिथले सूक्ष्म तंतू वाकलेलेच राहतात, मेंदूला वाटतं अजून फिरणं चालू आहे. बुबुळं तशी हलतात आणि भिंती पळताना दिसतात. कानाच्या या यंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४चं नोबेल पारितोषिक मिळालं.

फुगडी न खेळताही घर फिरतं, त्याचं काय? आतल्या कानात तोलासाठी अतिसूक्ष्म खडे असतात. चौपाटीवरचा शिंपला ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याचेच हे खडे. वय वाढल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर ते जागचे सुटून नलिकेत शिरतात. मग कूस बदलली किंवा माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, की घर फिरतं. बहुधा मिनिटाच्या आत सगळं थांबतं, पण तेवढ्यात जीव घाबराघुबरा होतो.

परळला राहणारी माझी खाला अशीच घाबरली होती. सजद्यासाठी डोकं टेकवलं की जमीन फिरायची, म्हणून ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली. रात्री उशा रचून बसल्या बसल्याच झोपायची. कुणी मानेचे मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला, कुणी गोळ्या. महिने गेले. अखेर कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी तिला विचारलं, 'नक्की कधी फिरतं? किती वेळ?' मग तिला पलंगावर झपकन आडवं करून तिच्या बुबुळांची हालचाल पाहिली. मान ठरावीक क्रमाने वळवत, थांबत, खडे मूळ जागी नेले. काही मिनिटांचं काम. दुसऱ्या खेपेनंतर खाला पुन्हा आडवी झोपू लागली.

ही पद्धत अमेरिकेतले डॉक्टर जॉन एप्ली यांनी १९८०मध्ये मांडली. तिला ना शस्त्रक्रिया लागते, ना यंत्र. मात्र कुठला कान, कुठली नलिका हे आधी तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. परळच्या केईएमसारख्या पालिका रुग्णालयातही कान-नाक-घसा विभाग आहे. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या काही दिवसांपुरत्या ठीक; महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं स्वतःला सावरणंच मंदावतं.

प्रत्येक चक्कर कानाची नसते. उठताना अंधारी येत असेल तर रक्तदाब, त्याची औषधं, रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर तपासावी. आणि चक्करेसोबत अचानक बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा वाकडा झाला, हातापायातली शक्ती गेली किंवा उभंच राहवेना, तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. तो मेंदूचा झटका असू शकतो. तडक मोठं रुग्णालय गाठा.

एरवी दवाखान्यात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्या: फिरतं की अंधारतं, काय करताना, किती वेळ, कमी ऐकू येतं का. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आपणहून विचारा. पुष्कळदा ती 'वय झालं' म्हणून गप्प बसतात आणि मग एखाद्या पहाटे न्हाणीघरात पडतात.