मुलांची खोली रंगवताय? डब्यातला पिवळा भिंतीवर का बदलतो ते आधी बघा

तुम्ही दुकानातून शेड कार्ड आणता. मुलगी त्यातल्या फिक्या लिंबू रंगावर बोट ठेवते आणि तुम्हालाही तो पटतो. शनिवार-रविवार खपून तुम्ही रंगाचे दोन हात देता. सोमवारी सकाळी बघता, तर सगळी खोली हळदीत बुडवल्यासारखी! दुकानदारानं डबा चुकीचा दिला का? बहुधा नाही. इथे अमेरिकेत आपल्यापैकी बरेच जण घर स्वतःच रंगवतात, त्यामुळे निवड चुकली की पुन्हा ब्रश आपल्याच हातात येतो. म्हणून आधी थोडं विज्ञान. रंग निवडण्याच्याही आधी तपासायची एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगतो. ती मात्र चुकवू नका.

भिंती एकमेकींना रंगवतात

पिवळी भिंत निळा प्रकाश बराचसा शोषून घेते, लाल आणि हिरवा परत पाठवते. समजा, तुमची भिंत लाल-हिरव्यातला ८० टक्के प्रकाश परत पाठवते आणि निळ्यातला ४० टक्के. म्हणजे प्रमाण दोनास एक. हाच प्रकाश समोरच्या पिवळ्या भिंतीवर आपटला की लाल-हिरवा ६४ टक्के उरतो, निळा फक्त १६. प्रमाण चारास एक. तिसऱ्यांदा आपटला की आठास एक! कार्डाच्या तुकड्यावरून प्रकाश एकदाच परततो, खोलीत तो पुन्हा पुन्हा आपटतो. म्हणून खोलीत रंग गडद आणि भडक होतो. उपाय सोपा आहे. चारही भिंतींना एकच रंग द्यायचा असेल, तर आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी छटा घ्या. भडक छटाच हवी असेल, तर ती एकाच भिंतीला द्या आणि छत पांढरं ठेवा.

शेजारच्या रंगाची करामत

पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात १८२४ साली मिशेल-युजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख झाले. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार होती की तो हवा तसा गडद दिसत नाही. शेव्रल यांनी तपासलं तेव्हा रंगात खोट सापडली नाही. शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा उणा दिसत होता. आपला डोळा प्रत्येक रंग शेजारच्या रंगाशी तुलना करूनच बघतो. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. तुमच्या खोलीतही हेच घडतं. तोच राखाडी रंग पिवळ्याशेजारी निळसर वाटतो, निळ्याशेजारी पिवळसर. तेव्हा जुन्या भिंतीवर ठिपका मारून ठरवू नका. मोठ्या पुठ्ठ्याला रंग द्या आणि तो पडदा, चादर, गालिचा यांच्याजवळ धरून बघा.

दिवा कोणता?

दिवसा जुळणारे दोन रंग दिव्याखाली वेगळे पडू शकतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात. उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, २७०० केल्विनचा एलईडी दिवा पिवळसर. न्यूयॉर्क-बॉस्टनकडे डिसेंबरात साडेचारपर्यंत सूर्य मावळतो. शाळेतून आलेलं मूल खोलीत असतं ते दिव्याच्याच उजेडात. म्हणून पुठ्ठा सकाळी बघा आणि रात्री दिवा लावूनही बघा.

मेळ कसा जमवायचा?

साडी डोळ्यांसमोर आणा: अंग, पदर आणि काठ. तिन्ही रंग वेगळे असले तरी त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं. खोलीतही साधारण ६०-३०-१० टक्के धरा: बहुतेक भिंतींना फिका रंग, एक भिंत आणि पडद्यांना मध्यम, आणि सर्वांत भडक रंग फळ्या, स्टूल, दाराची चौकट यांना. भावाला पोपटी हवा आणि बहिणीला जांभळा? बऱ्याच कार्डांच्या मागे ‘एलआरव्ही’ हा आकडा असतो. भिंत किती टक्के प्रकाश परत पाठवेल, ते तो सांगतो. दोघांच्या फिक्या छटा जवळपास सारख्या आकड्याच्या घ्या, म्हणजे एक भिंत दुसरीवर कुरघोडी करणार नाही. निळ्यानं मूल शांत होतं आणि लालनं चिडतं, या दाव्यांना फारसा भक्कम पुरावा नाही. मुलांना निवडू द्या.

भिंत घासण्याआधी

आता ती महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. तुमचं घर त्याआधीचं असेल, तर वरच्या थरांखाली शिशाचा रंग असू शकतो. जुना पांढरा बहुधा शिशाच्या कार्बोनेटचा असे, आणि झळझळीत पिवळा लेड क्रोमेटचा. थर शाबूत असेल तोवर धोका कमी. पॉलिश पेपरनं घासलात की धूळ उडते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावरून तोंडात जाते. शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. म्हणून आधी तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर हे काम प्रमाणपत्र असलेल्या कारागिरालाच द्या आणि तेवढे दिवस मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

भारतातून आणलेला आजोळचा रंगीत लाकडी पाळणाही यातच येतो. तिथे घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, आणि पाळणा त्याहून कितीतरी जुना असेल. नव्या खोलीशी रंग जुळावा म्हणून तो घासायला घेऊ नका. आधी तपासा, मग ठरवा.